पाठमोरी नवरी

आमच्या घराण्यातलं टीव्हीवर दिसलेलं पहिलं माणूस म्हणजे माझी पारूआत्या. तीसुद्धा पाठमोरी. अंगावर हिरवं लुगडं, बाशिंगाची मागची दोरी, मानेवर हळद आणि शेजारी तसाच पाठमोरा बसलेला एक मुलगा. जेमतेम तीन-चार मिनिटांचा प्रसंग. त्या तीन-चार मिनिटांनी एका बाईचा जन्म खाल्ला असं मी म्हटलं की माझे वडील चिडतात. चिडोत. खाल्ला तो खाल्लाच.

मालिकेचं नाव ‘नाखव्याचं घर’. एका जाडजूड कादंबरीवरून केलेली, तेरा भागांची. एका कोळी कुटुंबाच्या चार पिढ्या, एक गलबत, दोन भांडणारे भाऊ, समुद्रात राहिलेला बाप, वाट बघणाऱ्या बायका असा सगळा पसारा. कादंबरी लिहिणारे गृहस्थ मासे खात नव्हते असं मनोरीत अजून सांगतात आणि सांगताना पोट धरून हसतात. पण मालिका चांगली होती, हे मी माझ्या धंद्याची शपथ घेऊन सांगते. मी अंधेरीला एका स्टुडिओत मालिकांचे भाग कापायला बसते. आमच्याकडे सासू जिना उतरायला लागली की तीन भाग उतरतच राहते. त्यामुळे तेरा भागांत चार पिढ्या जगवून मारणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. राग आहे तो वेगळाच.

शूटिंग झालं ते माझ्या जन्माच्या आधी, आमच्या मनोरी गावात. आत्या तेव्हा सतरा वर्षांची. तिची आई, म्हणजे माझी आजी, आदल्या वर्षीच कावीळ होऊन गेली होती. घरात पाय अधू झाल्यानं होडीवर जाणं सुटलेले आजोबा, आत्या आणि दोन लहान भाऊ. त्यातला धाकटा बाळा, म्हणजे माझे वडील. शूटिंगची माणसं आली आणि गावाला जत्रेसारखं झालं. ज्याला त्याला कॅमेऱ्यापुढून एकदा तरी जायचं होतं. माझे वडील तर एकाच प्रसंगात चार वेळा पळत गेले आणि चारही वेळा शिव्या खाऊन परत आले.

लग्नाचा प्रसंग करायच्या दिवशी घोटाळा झाला. मालिकेतला तरणा नाखवा, ज्यानं वादळात गलबत हाकायचं होतं, त्याला मार्वे ते मनोरी एवढ्याशा फेरीबोटीत बोट लागली. ओकून ओकून तो खाटेवर आडवा. आणि हिरोईनच्या अंगाला हळद सोसेना. लावून बघितली तर मानेवर लाल चट्टे उठले. मांडव घातलेला, माणसं जमलेली, ऊन चाललेलं. दिग्दर्शकानं ठरवलं, नवरा-नवरी पाठमोरी दाखवू. अंगकाठीला जुळणारी दोन पोरं गावातूनच घ्या. नवरीच्या जागी आत्याला बसवलं. नवऱ्याच्या जागी पलीकडच्या आळीतला महादू. तो तेव्हा नुकता बापाच्या होडीवर जायला लागला होता.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण दिग्दर्शकाला सगळं अस्सल पाहिजे होतं. त्यानं धवलारणीला बोलावलं.

आमच्यात लग्नात भटजी आला काय, न आला काय, धवलारीण आल्याशिवाय चालत नाही. ही लग्नाची गाणी म्हणणारी बाई. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ती आधी सगळ्या देवांना हाक मारते, मग दोन्ही घरांतल्या मेलेल्या माणसांना मारते आणि त्यांना मांडवात आणून बसवते. ती म्हणत असताना मध्ये कोणी बोलत नाही, कोणी उठत नाही. तिनं धवला म्हटला की लग्न लागलं. गावची धवलारीण होती कुंदा, आमच्या घरापासून चार दारं सोडून राहणारी. तिनं दिग्दर्शकाला तोंडावर सांगितलं होतं, “लटका धवला मना येत नाय. म्हटला तं खराच म्हननार.”

“तेच तर पाहिजे, मावशी,” दिग्दर्शक म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, बाई अभिनयाबद्दल बोलतेय.

आणि गावातलं एकही माणूस मध्ये पडलं नाही. चार म्हातारे होते, पंच होते, आत्याचा सख्खा बाप होता. सगळे कॅमेऱ्याकडे बघत उभे. कुंदानं धवला म्हटला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. देव आले, मेलेली माणसं आली. आजीसुद्धा आलीच असणार. आत्या पाठमोरी बसून होती. आणि मग एक गोष्ट घडली, जी कुणी सांगितलेली नव्हती. बाशिंगाची दोरी तिच्या केसांतून सुटायला लागली तेव्हा शेजारच्या महादूनं हात मागे नेऊन ती हळूच धरली. धवला संपेपर्यंत धरून ठेवली. ते कॅमेऱ्यात आलं. दिग्दर्शकाला फार आवडलं.

मालिका लागली ती पुढच्या वर्षी, दर रविवारी. तोवर आत्याला माहुलचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बघून गेला, त्याची आई बघून गेली, दोघांना आवडली होती. मग लग्नाचा भाग लागला. माहुलच्या माणसांनीही तो बघितला आणि कुणीतरी त्यांना सांगितलं, ही पाठ त्याच मुलीची आणि तो धवला खरा होता. त्यांचा निरोप आला: मुलगी चांगली आहे, पण तिच्यावर धवला होऊन गेलाय, दुसऱ्याची नवरी आम्ही कशी न्यायची? पुढं गोराईचं एक स्थळ असंच आलं आणि असंच गेलं. मग यायची थांबली.

महादूचं लग्न मात्र वर्षभरातच झालं. नलिनी नावाची गोराईची मुलगी, थाटात वाजत गाजत आली. महादूवरही तोच धवला झाला होता हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुरुषाची हळद आंघोळीसरशी जाते, बाईची जात नाही. असं कुणी म्हणालं नाही, पण वागले सगळे तसंच.

आजोबांनी खापर फोडलं ते कुंदावर. भर गल्लीत उभं राहून तिला शिव्या दिल्या: हिनं माझ्या पोरीचं वाटोळं केलं. त्या दिवसापासून दोन घरांचा अबोला. गावानंही कुंदाला लग्नात बोलवायचं सोडलं. मी लहानपणी सुट्टीत मनोरीला गेले की आत्या मला सांगायची, त्या दारासमोरून जाताना तिकडं बघायचं नाही. मी बघायची. एक बाई ओट्यावर बसून सुके बोंबील निवडत असायची, बाकी काही नाही.

आजी गेली तेव्हाच आत्यानं तिची मासळीची टोपली उचलली होती आणि ती आजतागायत खाली ठेवली नाही. पहाटे होड्यांवरून म्हावरं घ्यायचं, गोराईच्या बाजूनं खाडी ओलांडायची आणि बोरिवलीच्या बाजारात बसायचं. दोघा भावांची शिक्षणं, लग्नं, आजोबांचं दुखणं, माझ्या वडिलांचं बोरिवलीतलं घर, सगळं त्या टोपलीतून आलं. बाजारात तिच्या जिभेला सगळे टरकून असतात. एक बाई पापलेट उगाच दाबदाबून बघत होती, तर आत्या म्हणाली, “काय गो, नवरा पन असाच दाबून घेतलास काय?” बाई लाजून दुप्पट घेऊन गेली. मी तिथंच उभी होते, दहावीत असेन. मला वाटायचं, जगात माझ्या आत्याइतकं मोकळं माणूस दुसरं नाही.

कॉलेजात गेल्यावर मी तिला एकदा विचारलं, आत्या, तू लग्न का नाही केलंस? ती हसली. “केलाय ना! टीव्हीवर दाखवला सगल्यांना. तूच नव्हतीस तवा.” मीही हसले. तिची ती थट्टा नव्हती हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

कारण हळूहळू तिला ते खरंच वाटायला लागलं होतं. ती म्हावरं घ्यायची ते महादूच्याच होडीवरून. तो तिच्याशी बोलायचा नाही, डोळे वर करून बघायचाही नाही, पण तिच्या वाट्यात एखादं मोठं पापलेट जास्तीचं टाकायचा. आत्या त्या पापलेटावर जगली. वादळाचा इशारा आला आणि महादूची होडी बाहेर असली की ती चूल पेटवायची नाही. नारळी पुनवेला बायका आपापल्या नवऱ्यासाठी समुद्राला नारळ सोडतात, तेव्हा ती सगळ्यांच्या मागं जरा लांब उभी राहून एक नारळ सोडायची. गावाला ठाऊक होतं. नलिनीला ठाऊक होतं. नलिनीनं कधी भांडण केलं नाही आणि कधी बोलावलंही नाही.

यंदा माघात महादू गेला. जाळी ओढताना छातीत कळ आली, होडी धक्क्याला लागेपर्यंत संपला होता. त्या दिवशी आत्या बाजारातच होती. कुणीतरी फोन केला. तिनं समोरचं गिऱ्हाईक पुरं केलं, उरलेलं म्हावरं शेजारणीच्या टोपलीत ओतलं आणि घरी गेली. जाऊन आपल्या घरात बसली. त्याच्या दारात गेली नाही, कारण कोण म्हणून जाणार?

पण मालिका आता पुन्हा सगळ्यांच्या हातात आली आहे. कुणीतरी आपल्या घरच्या जुन्या कॅसेटीवरून तिचे तेराही भाग इंटरनेटवर चढवलेत. लोक खाली लिहितात, आता अशा मालिका होत नाहीत, डोळे भरून आले वगैरे. महादूचा मुलगा अल्पेश बापाचा तरुणपणीचा चेहरा शोधत होता. त्याला कुणी सांगितलं, लग्नाचा भाग बघ. त्यानं तो मोबाईलवर लावून आईला दाखवला. चेहरा नव्हताच. पण बाशिंगाची दोरी धरलेला हात होता. नलिनीनं तो भाग आजवर कधी बघितला नव्हता, मुद्दामच. आता बघितला. अल्पेश सांगतो, तिनं तो दोनदा लावायला सांगितला, मग म्हणाली, जा, पारूला बोलाव.

अल्पेशनं आत्याच्या दारात उभं राहून निरोप दिला, “पारूमावशी, आय बोलली, दहाव्याला ये. तिच्या बाजूला चटईवर बस.”

त्या चटईवर मेलेल्याची बायको बसते आणि तिला लागून फक्त घरची बाई. इतक्या वर्षांनी, नवरा गेल्यावर का होईना, नलिनी तिला जागा देत होती.

आत्यानं माझ्या वडिलांना फोन केला. आमच्यात बाई विधवा झाली की दहाव्याला तिचा भाऊ तिच्यासाठी माहेरचं लुगडं घेऊन जातो. आत्या म्हणाली, “बाला, दहाव्याला माझ्यासाठी लुगडा आन.” वडिलांचा फोन स्पीकरवर होता. ते म्हणाले, “आक्का, येड लागला काय तुला? लोक हसतील.” तिनं फोन ठेवला.

मी आतल्या खोलीत होते. मला संताप आला, पण कुणाचा ते कळेना. मला ही विधवापणाची लुगडी, बांगड्या, चटया मुळीच पटत नाहीत. जगातल्या बायका हे दिवस येऊ नयेत म्हणून उपास करतात आणि माझी आत्या ते मागून घेत होती. पण जन्मभर जिनं आमच्यासाठी आणलं तिनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं आणि तिला कोणी हसून नको म्हणायचं? मी बोरिवलीत एक साधं, बिनकाठाचं लुगडं घेतलं आणि दहाव्याच्या सकाळी मनोरीला गेले.

आत्या आंघोळ करून तयार बसली होती. लुगड्याची घडी तिनं मांडीवर घेतली, त्यावरून हात फिरवला. मला म्हणाली, “समीक्षा, तू आनलास. बरा झाला.” मग लुगडं घेऊनच उठली. “चल, आदी कुंदाकडं जायचा हाय.”

मी उडालेच. “कुंदाकडं? आज? अगं, तुमचं तर—”

“नलिनी भोली हाय. तिना मोबाईलात बघितला आनी जागा दिली. म्हनून मी जाऊन बसायची? तिचा हक्क हाय तो. लगीन खरा लागला व्हता असा, जिना लावला तिच्या तोंडातून आयकीन, मंग बसन.”

“आणि ती नाही म्हणाली तर?”

“नाय कशी म्हनल? तिनाच म्हटलेला ना धवला.” तिला एवढी खात्री होती. तिच्या डोळ्यांत रडू नव्हतं, एक प्रकारची घाई होती. खूप दिवस अडलेलं काम आज होणार असलं की माणूस जसं असतं तसं.

चार दारं. कुंदा ओट्यावरच होती. ऐंशीच्या पुढची, एका डोळ्यानं काहीच दिसत नाही, दुसऱ्यानं जेमतेम. आत्या समोर उभी राहिली तशी तिनं मान वर केली. ओळखायला तिला वेळ लागला नाही.

“पारू? माझ्या दारात?”

“मावशे, भांडायला नाय आयली. येकच इचारायचा हाय. महादूचा न माझा लगीन तू लावलास. तो खरा व्हता ना? इतका बोल, मी जातंय.”

 कुंदा म्हणाली, “म्हंजी तुना कोनी सांगितलाच नाय?”

“काय?”

“आगो, देव बोलवून तसेच नाय ठेवता येत. लगीन लावायचा नसला तं त्यांना परत पाठवाया लागतान. मी त्याच सांजचे पाठवले. शूटिंग झाल्यावर तुझ्या बापाला बोलली, ओहोटीला पोरीला घेऊन ये दर्यावर, गाठ सोडायची हाय. तो येकलाच आयला. तुझा हलदीचा लुगडा हातात. बोलला, पोर दमून झोपली, लुगडा चालल काय? मी बोलली, चालल. दोगांची गाठ सोडली, नारल तुझ्या बापाच्या हातानं पान्यात सोडला. तू त्याच दिवशी मोकली झालीस, पारू.”

आत्या ओट्याच्या कडेला टेकली.  मी धरायला पुढं झाले तर तिनं हातानं मला बाजूला केलं.

“बापाना सोडला नारल?”

“त्यानाच. तुना सांगतो बोललेला.”

“आनी माहुलची मानसा आयली तवा?”

“तवा मी गेलेली ना तुमच्या घरी! बोलली, मना न्या माहुलला, मी त्यांच्या देवासमोर सांगते, पोर मोकली हाय. तू बाजाराला गेलेलीस. तुझ्या बापाना मना ओट्यावरून उतरवली आनी सगल्या गल्लीसमोर बोलला, हिना माझ्या पोरीचा वाटोला केला. मना वाटला, पोरीलाच लगीन नको आसल. कोनाच्या घरात कवर शिरायचा?”

मी तिथं उभी होते आणि माझ्या डोक्यात सगळं भराभर जुळत होतं. आजी गेलेली. आजोबांचा पाय अधू, होडीवर जाणं सुटलेलं. दोन लहान पोरं. घर चाललं होतं ते एका टोपलीवर आणि ती टोपली होती सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर. मुलगी माहुलला गेली असती तर टोपलीही गेली असती. आजोबांना खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही, नुसतं गप्प बसावं लागलं. आणि कुंदानं कधी बोलू नये म्हणून आधीच तिचं तोंड गल्लीत काळं करून ठेवावं लागलं. त्या माणसाचा हार घातलेला फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. त्या टोपलीवर शिकलेल्या बापाची मी मुलगी आहे. मला त्या फोटोची काच फोडावीशी वाटली आणि त्यानं काही होणार नाही हेही कळत होतं.

आत्याला मात्र आजोबांशी देणंघेणं उरलं नव्हतं. ती हळू आवाजात म्हणाली, “महादूला म्हाइत व्हता?”

कुंदानं मान खाली घातली. “तो तं तिथंच व्हता ना गो, माझ्या शेजारी. त्याला वाटला आसल, तुना पन म्हाइत हाय. तुलाच कोनी नको.”

म्हणजे ते पापलेट नवऱ्याचं नव्हतं. एका एकट्या राहिलेल्या बाईला गावातल्या भल्या माणसानं दिलेलं होतं. नारळी पुनवेला ती मागं उभी दिसायची तेव्हा त्याला काय वाटत असेल, देव जाणे. डोळे वर करून बघत नव्हता तो लाजेनं नाही, प्रेमानं तर नाहीच. काय बोलावं ते त्याला कळत नसणार, बस्स.

मग आत्यानं जे केलं ते बघायला मी तिथं नसते तर बरं झालं असतं. बाजारात कुणापुढं मान न झुकवणारी ती बाई ओट्यावरून खाली उतरली आणि कुंदाचे दोन्ही पाय धरले.

“मावशे, गाठ सोडलेली बोलू नको कोनाला. लगीन लागलेला बोल. फकस्त नलिनीला सांग, खरा व्हता म्हनून. आजच्या दिस. कोनाचा काय जानार हाय? बाप मेला, तो मेला, तुझा माझा काय ऱ्हायला हाय? मना येक दिस बसूंदे त्याच्या नावानं.”

कुंदा रडायला लागली. म्हातारीचं रडणं, आवाज नाही, नुसतं सुकलेलं तोंड हलतंय. तिनं आत्याच्या डोक्यावर हात ठेवला. “पारू, मी जन्मात येक गोस्ट केली, खरा तवडाच म्हटला. त्याच्यापायी गावाना मना टाकला. आता मरताना लटका कशी बोलू गो?”

 मी म्हटलं, “आत्या, नको जाऊया तिकडं. घरी चल. बोरिवलीला चल माझ्याबरोबर.” तिनं ऐकलं नाही. उठली, तोंड पुसलं आणि मांडीवरून घसरलेलं लुगडं उचलून कुंदाच्या हातात दिलं. “तुना नेसायला ऱ्हाऊंदे. नवा हाय.”

महादूच्या घरी गेलो तेव्हा पुरुष माणसं खाडीवरून परत आली होती. आत बायका बसलेल्या. नलिनी भिंतीला टेकून चटईवर होती, रिकाम्या हातांची. आत्या दारात दिसल्याबरोबर ती बाजूला सरकली. चटईवर एका माणसाची जागा झाली. बायकांची कुजबुज थांबली. सगळं गाव पस्तीस-छत्तीस वर्षं हीच एक गोष्ट बघायची राहून गेल्यासारखं बघत होतं.

“ये गो,” नलिनी म्हणाली. “बस हितं.”

मी आत्याच्या मागं होते. मला तिची पाठच दिसत होती. ती जाऊन बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. कुंदा बोलणार नव्हती, मी तर नाहीच नाही. मनातल्या मनात मी तिला ओरडून सांगत होते, बस, बस गं, काय होतंय?

“नको गो नलिनी,” आत्या म्हणाली. “तुझी जागा हाय ती. मी त्याची कोन नाय.”

“आता कशाला असा बोलतेस? मी बघितला ना डोल्यांनी. दोरी धरलेली त्याना.”

“दोरी सुटत व्हती म्हनून धरली. भला मानूस व्हता.” तिनं पुढचंही सांगून टाकलं. “तो टीव्हीचा व्हता सगला. लगीन नव्हताच.”

 नलिनीला सुटका वाटली की वाईट वाटलं, मला ओळखता आलं नाही. कदाचित दोन्ही. सरकलेली ती तशीच राहिली, परत मधे आली नाही. आत्या मात्र वळली आणि मागं दाराजवळ आळीतल्या बायका बसल्या होत्या त्यांच्यात जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले.

थोड्या वेळानं रडणं सुरू झालं. आधी नलिनी, मग तिच्या जावा, मग बहिणी. आणि मग माझी आत्या. तिला आवरेना. असं रडताना मी तिला कधी बघितलं नव्हतं, आजोबा गेले तेव्हाही नाही. छाती पिटत नव्हती, नाव घेत नव्हती, कारण कुठल्या नात्यानं नाव घेणार? नुसता आतून आवाज येत होता आणि थांबत नव्हता. बायका वळून बघायला लागल्या. मी तिचा हात धरला.

पुढं बसलेली एक म्हातारी गोराईची होती, नलिनीच्या माहेरची. तिला यातलं काही माहीत नसावं. ती मागं वळली, आत्याकडं बघितलं, मग माझ्याकडं वाकून तिनं विचारलं, “कोन लागते गो ही त्याची?”

आत्यानं ते ऐकलं. रडता रडता तिनं माझ्याकडं बघितलं, मी काय सांगते ते ऐकायला.

“शेजारीण,” मी म्हटलं.

आत्यानं मान डोलावली आणि पदराचा बोळा करून तोंडात दाबला. शेजारणीनं इतकं रडायचं नसतं.